रांगोळीत न काढलेलं पाळणाघर

छबूचा फोन आला तेव्हा मी भुकूमला आमच्या गॅलरीत पापड वाळत घालत होते. निवृत्त झाल्यापासून माझ्या फोनवर दोनच प्रकारचे आवाज येतात. एक म्हणजे कर्ज हवंय का असं गोड आवाजात विचारणाऱ्या मुली, आणि दुसरी छबू. छबू नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाही.

"ताई, परत नकाशा काढायला येनार हायेत. औंदा काय करू? काढू का नगं?"

"थांब, विचार करून सांगते," असं म्हणून मी फोन ठेवला आणि पापडांकडे बघत बसले. अख्खी नोकरी बायकांना 'असं करा, तसं करू नका' सांगण्यात गेली माझी. आणि एवढ्याशा प्रश्नाला उत्तर सुचेना! या अंकाच्या संपादकबाई 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हणून मागे लागल्यावर मी ठरवलं, हेच लिहावं. लिहिता लिहिता मला स्वतःला काही उमगलं तर तेवढाच फायदा.

मी महापालिकेत समूहसंघटिका होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. वस्तीत जायचं, बायकांना गोळा करायचं, बचत गट बांधायचे, कुठल्या योजनेला कुठले कागद लागतात ते दहा-दहा वेळा सांगायचं, आणि साहेबांच्या कार्यक्रमाला सतरंजी भरेल एवढी माणसं आणायची. हे शेवटचं नीट जमलं की बाकीच्याचं कुणी विचारत नाही. वस्तीतल्या लोकांना मी सरकार वाटायचे, आणि ऑफिसातल्या लोकांना मी वस्ती वाटायचे. ऑफिसात काही बोलले की साहेब म्हणायचे, "तुम्ही तर अगदी त्यांच्यातल्याच झालात!" वस्तीत काही बोलले की बायका म्हणायच्या, "तुमचं काय जातंय, तुमी सरकारी मानूस." मधल्यामध्ये माझी पार पाडाची कैरी झाली होती, ना गोड ना आंबट.

नोकरीच्या शेवटी शेवटी मला महाळुंग्याच्या बाजूचं एक गाव मिळालं. नाव लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट नको वाटायला. गाव नुकतंच महापालिकेत गेलं होतं. पहिल्याच बैठकीत सरूआजी नावाच्या म्हातारीनं मला विचारलं, "गाव गेलं गेलं म्हनत्यात, पर गेलं कुटं? हितंच तर हाय की." मी हसले. पण पुढं सहा महिने मी तिथं काढले आणि मलाही तोच प्रश्न पडला. रेशनकार्ड मुळशी तालुक्याचं, घरपट्टी महापालिकेची, आणि पाण्याचा टँकर कुणाचा हे टँकरवाल्यालासुद्धा सांगता येत नव्हतं. ग्रामपंचायत बंद झाली, तिच्या कचेरीला कुलूप लागलं. पूर्वी लोक सरपंचाच्या दारात जाऊन भांडायचे. आता भांडायला दारच उरलं नव्हतं, म्हणून मग ते माझ्याशी भांडायचे.

गावच्या जमिनींवर मोठमोठ्या सोसायट्या उठल्या होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. त्या खोल्यांत बांधकामावरची, हाउसकीपिंगची माणसं राहायला आली, कुणी बीडकडची, कुणी पार बिहारकडची. गावातल्या बायकाही हाउसकीपिंगला जाऊ लागल्या. म्हणजे सोसायट्यांचे जिने पुसायचे, ऑफिसांतल्या फरशा साहेबलोक यायच्या आत चकाचक करायच्या. त्यामुळं जायचं ते अंधार फिटता फिटता. आणि मग लहान पोरांचं काय? तर छबू.

छबू माहेरची ताम्हिणीची. तिकडं भातलावणीच्या दिवसांत पाऊस असा पडतो की शेजारचं घर दिसत नाही. तशा पावसात वाडीतल्या सगळ्या बाया खाचरात उतरतात, आणि सगळ्यांची तान्ही पोरं एका घरात ठेवायची पद्धत आहे. आढ्याला लुगड्याच्या झोळ्या बांधतात आणि एक बाई त्यांना दिवसभर झोके देत बसते. छबूची आजी ते काम करायची. लग्न होऊन इकडं आल्यावर छबूनं तेच आपल्या पडवीत सुरू केलं. "तितं लावनीपुरतं असायचं," ती म्हणायची, "हितं बाराही म्हैने लावनीच चाललीया." ग्रामपंचायत तिला थोडंफार मानधन द्यायची. गाव महापालिकेत गेलं आणि मानधन थांबलं. छबू काही थांबली नाही. पण पडवीचा पत्रा गळायला लागला होता, नवरा पाठीनं अधू, आणि आया देतील तेवढ्यावर दुधाचा खर्चसुद्धा सुटेना. तिला एवढंच हवं होतं की पाळणाघर कुणीतरी आपलं म्हणावं, एक कोरडी खोली द्यावी आणि मानधन पुन्हा चालू करावं. हे मला तिनं पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि मी वहीत न लिहिताही ते माझ्या लक्षात राहिलं.

अशात आमचा तो मोठा प्रकल्प आला. महापालिका, एक सामाजिक संस्था आणि एका विद्यापीठाचा समाजकार्य विभाग, तिघांनी मिळून गावाचा विकास करायचा. जागा आणि परवानग्या महापालिकेच्या, निधी संस्थेनं कुठून तरी आणायचा, आणि अभ्यास विद्यापीठानं करायचा. ऐकायला किती छान! मीही खूष झाले होते, खोटं कशाला सांगू.

पहिला महिना बॅनरमध्ये गेला. तिघांची बोधचिन्हं बॅनरवर हवीत, पण डावीकडं पहिलं कुणाचं? महापालिकेचं पहिलं टाकलं तर संस्थेचा समन्वयक प्रसाद हिरमुसायचा. संस्थेचं पहिलं टाकलं तर आमचे साहेब फाईल बाजूला सरकवायचे. शेवटी कुणीतरी तिन्ही चिन्हं गोलात बसवली, तेव्हा कुठं पहिली बैठक झाली.

मग भाषेचा घोळ. आमच्या ऑफिसच्या कागदांत छबू 'लाभार्थी' होती. प्रसादच्या संस्थेला तो शब्द चालत नसे, ते म्हणायचे 'सहभागी'. आणि विद्यापीठाची गार्गी, पीएच.डी. करणारी गोड मुलगी, ती म्हणायची 'प्रतिसादक'. एकदा तिघांनी एकाच सकाळी आपापल्या आकड्यांचा तक्ता मांडला. लाभार्थी इतके, सहभागी तितके, प्रतिसादक अमुक. साहेबांनी सगळ्यांची बेरीज केली आणि म्हणाले, "वा, प्रतिसाद उत्तम आहे." मी हळूच म्हटलं, "साहेब, या त्याच त्या बायका आहेत." साहेब म्हणाले, "असू द्या हो."

गार्गीच्या विद्यार्थ्यांनी घरोघर माहिती घ्यायला सुरुवात केली तेव्हा तर कहरच. घरात किती माणसं, मुली किती, शिकल्या किती, वय काय? स्वच्छ कपड्यातली पोरं, वहीत सगळं लिहून घेतायत, पाणी दिलं की 'थँक्यू काकू' म्हणतायत. दोन घरांत पोहे झाले आणि एका घरात मुलीला साडी नेसवून बाहेर आणलं. तो विद्यार्थी घामाघूम होऊन माझ्याकडं पळत आला. पुढं बरेच दिवस त्या मुलीची आई मला दिसली की विचारायची, "मंग, काय म्हनले ती मानसं? पसंत हाय का न्हाई?"

आणि मग आला नकाशाचा दिवस. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या धंद्यात ही एक पद्धतच आहे. लोकांचं गाव लोकांनीच काढायचं. कागदावर काढा म्हटलं तर बायका लाजतात, म्हणून जमिनीवर रांगोळीनं. नदी निळी, रस्ते पांढरे, घरांना विटेचा चुरा. गावात जे आहे ते सगळं काढायचं. मग जे नाही आणि हवं आहे, त्याच्या चिठ्ठ्या मांडायच्या आणि प्रत्येकीनं आपल्याला सगळ्यात निकडीचं वाटेल तिथं चिंचोके ठेवायचे. ज्या चिठ्ठीवर चिंचोके जास्त, ती गावाची पहिली गरज. मला ही पद्धत मनापासून आवडायची. एरवी तोंड न उघडणाऱ्या बाया रांगोळी हातात आली की भराभर बोलू लागतात.

शाळेच्या पटांगणात पन्नासेक बायका जमल्या. रांगोळी सुरू झाली. नदी आली, सोसायट्या आल्या, त्यांच्या भिंती तर अगदी ठसठशीत आल्या. पण बघते तर काय, शाळेजवळचा नळ नाही. दवाखाना नाही. दिव्याचे खांब नाहीत. मी दर आठवड्याला ज्या डांबरी रस्त्यानं येते, तोसुद्धा नाही! आणि छबूचं पाळणाघर नाही. छबू स्वतः पुढं उकिडवी बसून रांगोळी सोडत होती, आणि आपल्या घराशी आल्यावर तिनं नुसता एक चौकोन काढला आणि पुढं सरकली. नकाशा पुरा झाला तेव्हा गाव इतकं उजाड दिसत होतं की परक्या माणसाला रडू यावं.

मी सरूआजीच्या कानाशी लागले. "आजी, हे काय? निम्मं गाव गायब केलंत की."

आजी म्हणाली, "तू गप. घरात संडास हाय म्हनलं, त्याचा पैका न्हाई मिळाला. ग्यास हाय म्हनलं, राकेल बंद झालं. हाय म्हनून आजवर कुनाचं भलं झालंय, सांग मला?"

खोटं तर ती बोलत नव्हती. सरकारी माणसापुढं 'आहे' म्हटलं की मिळत नाही, हे त्या बायका कित्येक सर्वेक्षणांतून शिकल्या होत्या.

तरी मला राहवलं नाही. मी गार्गीला म्हटलं, "अगं, छबूचं पाळणाघर राहिलं बघ. चांगली वीस-पंचवीस पोरं असतात तिथं."

गार्गीनं माझा हात दाबला. "मॅडम, प्लीज. समाजानं जे दाखवलं तेच आपण घ्यायचं. आपण बाहेरची माणसं. हस्तक्षेप केला तर सगळा अभ्यासच बाद होतो."

छबूनं वळून माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली. नंतर मला बाजूला ओढून म्हणाली, "कशाला मधी बोलता ताई? हाय म्हनलं तर खोली कोन देईल?"

चिंचोके पडले. पाळणाघराच्या चिठ्ठीवर नुसता ढीग. गार्गीनं वरून फोटो काढला. त्यात छबू अगदी पुढं, हात रांगोळीनं पांढरे, दात दाखवून हसतीय. अहवालात छापून आलं की गावात लहान मुलांना सांभाळण्याची कसलीही सोय नाही आणि ती गावाची पहिली गरज आहे. महापालिकेनं जागा म्हणून पंचायतीची कुलूप लागलेली कचेरी द्यायचं ठरवलं. साहेब खूष, प्रसाद खूष, गार्गी खूष. छबू तर आनंदानं वेडी झाली होती. तिनं झोळ्यांची लुगडी नदीवर नेऊन धुतली, नवी केरसुणी आणली आणि पोरांना सांगून ठेवलं, आता आपण पंच्यातीच्या कचेरीत ऱ्हायला जानार.

कचेरी खरंच उघडली. रंग लागला, भिंतीवर हत्ती-ससे आले, खेळणी आली. आणि दारावर एक कागद लागला, सेविका पाहिजे, बारावी उत्तीर्ण, बालसंगोपनाचा अभ्यासक्रम केलेला असावा. छबू आठवी.

मी तिला घेऊन साहेबांकडं गेले. तीही हट्टाची, दोन पोरं बरोबर घेऊन आली, कारण बाकीची सरूआजीजवळ राहिली तरी ही दोघं तिला सोडत नव्हती. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पोरांना बिस्किटं दिली. मी म्हटलं, "साहेब, ही कधीपासून पाळणाघर चालवतीय. अनुभव धरा की."

साहेबांनी अहवाल पुढं ओढला. "अहो, पण इथं तर स्पष्ट लिहिलंय, गावात अशी सोय नाही. मग अनुभव कुठला धरू? आणि हा फोटो बघा. या बाईच बसल्यात ना नकाशावर?"

छबूनं फोटो हातात घेतला. मग म्हणाली, "व्हय, म्या हाय." एवढंच. बसमध्ये परत येताना ती खिडकीला डोकं लावून बसली होती. मला इतका संताप आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळेना. साहेबांवर? त्यांनी नियम वाचला. गार्गीवर? ती तर बायकांचा शब्द बदलायला नको म्हणून जपत होती. सरूआजीवर? तिचं तर आयुष्यभराचं शिक्षण ते. कुणाचंच चुकलं नव्हतं आणि छबूचं पाळणाघर मात्र पुसलं गेलं होतं.

वारज्याची एक मुलगी सेविका म्हणून आली. चांगली होती, गाणी शिकवायची, पोरांची नखं कापायची. पण केंद्र दहाला उघडणार आणि पाचला बंद. आया तर पहाटेच जातात! शिवाय चालता येणारीच मुलं घ्यायची, रांगती नाहीत. मग झालं असं की सकाळी सगळी पोरं छबूच्या पडवीत. दहाला ती त्यांची रांग करून कचेरीत पोचवणार, रांगत्यांना आपल्याजवळ ठेवणार, आणि पाचला परत जाऊन सगळ्यांना घेऊन येणार, ते आया येईपर्यंत. पूर्वी एक काम होतं, आता पोचवण्या-आणण्याचं वाढलं. मानधन अर्थातच नाही.

मी हे बैठकीत मांडलं. साहेब म्हणाले, वेळ बदलायची तर समाजाकडून मागणी यायला हवी. प्रसाद म्हणाला, निधी देणाऱ्यांनी वेळ ठरवूनच दिलीय. गार्गी डोळे मोठे करून म्हणाली, "हे फारच इंटरेस्टिंग आहे मॅडम!" आणि तिनं लिहून घेतलं. त्यानंतर माझी निवृत्ती आली. शाल, श्रीफळ, आणि तिन्ही बोधचिन्हं गोलात असलेलं एक सन्मानचिन्ह. ते मी टीव्हीशेजारी ठेवलंय.

तर अशा पार्श्वभूमीवर छबूचा फोन. आता मूल्यमापन होतं, म्हणजे प्रकल्पानं काय फरक पडला ते बघायचं. त्यासाठी नकाशा पुन्हा. मी आधी गार्गीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, या वेळी तरी छबूताईंना पाळणाघर काढायला सांगा. नकाशात असेल तरच मला अहवालात घेता येईल, मग सकाळ-संध्याकाळच्या वेळेसाठी त्यांचं नाव सुचवते. माझ्या मनचं नाही लिहिता येत मला." मग प्रसादला केला. तो म्हणाला, "ताई, आहे असं दाखवलं तर देणारे म्हणणार, मग आम्ही कशाला देऊ? ते नसलेल्यालाच देतात." झालं! काढलं तर आहे म्हणून मिळणार नाही, न काढलं तर नाहीच म्हणून मिळणार नाही. फोनवर काय सांगणार, म्हणून मी सरळ बस पकडली.

पटांगण तेच, बायका बऱ्याचशा त्याच. मला बघून गार्गीला आनंद झाला. "मॅडम, आता तुम्ही ऑफिसच्या नाही, बसा त्यांच्यातच," असं ती म्हणाली आणि मी सतरंजीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूला बसत होते. छबूच्या काखेत गुड्डू होता. त्याचे आई-बाप बिहारकडचे, दोघंही बांधकामावर. गुड्डू अजून रांगता, त्यामुळं दिवसभर छबूचाच.

रांगोळी सरकत सरकत छबूच्या घराशी आली आणि सगळं थांबलं. सरूआजी म्हणाली, "नगं काढू." हाउसकीपिंगला जाणारी रजिया म्हणाली, "काढ गं छबू. पोरं माझी तुझ्याकडं असत्यात आन मी न्हाई कसं म्हनू? मला नाय जमायचं." दोघींची चांगलीच जुंपली. आजी म्हणाली, "तुला काय कळतंय?" रजिया म्हणाली, "आजी, मागल्या येळंला तुमचं ऐकलं न्हवं?"

छबू मुठीत रांगोळी धरून माझ्याकडं बघत होती. "ताई, बोला की."

मी काय सांगू? आणि तोंडातून निघून गेलं, "काढ. जे आहे ते काढ."

का म्हटलं, देव जाणे. विचार करून नाही म्हटलं.

मग छबूनं काढलं. काय काढलं हो! आधी पडवी. मग आडव्या आढ्याला तीन झोळ्या, प्रत्येकीत एक वाटोळं डोकं. कोपऱ्यात दुधाचं पातेलं, पत्र्याचं छप्पर, आणि छपरातून गळणारे थेंबसुद्धा. दारात एक बाई. बाकी बायका रांगोळी टाकून बघत राहिल्या. सरूआजीच म्हणाली, "थेंब झ्याक काढलेत पोरीनं." वाटलं, आलं बाई एकदाचं, आता कुणी नाही म्हणू शकणार नाही.

पुढं चिंचोक्यांची गडबड सुरू झाली. कुणाला पाणी, कुणाला दिवे, कुणाला स्मशानाची वाट. त्या गोंधळात गुड्डू रांगत रांगत गेला आणि छबूच्या पाळणाघरावर जाऊन बसला. त्याला त्या झोळ्या आवडल्या असाव्यात. हातानं थोपटत बसला होता. कुणीतरी त्याला उचलायला निघालं तर रजिया म्हणाली, "बसू द्या, रडत न्हाई न्हवं."

शेवटी फोटो. गार्गी खुर्चीवर चढली, फोन वर धरला आणि म्हणाली, "बाळाला बाजूला घ्या ना जरा. लहान मुलाचा फोटो चालत नाही. आईची लेखी परवानगी लागते, विद्यापीठाचा नियम आहे."

"आई कामावं हाय," छबू म्हणाली.

"म्हणूनच. प्लीज."

छबूनं गुड्डूला उचललं. आणि तिथं, सगळ्या नकाशात, नदी होती, सोसायट्या होत्या, या वेळी नळ आणि दवाखानाही होता. फक्त पाळणाघराच्या जागी बसक्या गोलाएवढी स्वच्छ जमीन होती.

गार्गीनं फोन खाली घेतला. "अरे देवा. ताई, पटकन परत काढता का? दोनच मिनिटं."

छबूनं शाळेच्या घड्याळाकडं बघितलं. "पाच वाजलं. पोरं सुटली असतील."

"दोन मिनिटं फक्त, ताई. याच्यावरच सगळं आहे."

"मंग तवर पोरं काय रस्त्यावं उबी ऱ्हायची? डंपर जात्यात तितनं." असं म्हणून ती गुड्डूला काखेत मारून निघालीसुद्धा. तिला थांबवायला कुणी धजलं नाही. रजियापण चिंचोके टाकून तिच्यामागं गेली.

मी गुडघ्यावर हात टेकत उठले आणि रांगोळीची मूठ भरली. तीन झोळ्या, पातेलं, थेंब, सगळं डोळ्यांपुढं होतं माझ्या. वाकले, आणि गार्गीनंच माझं मनगट धरलं. तिचे डोळे भरलेले होते. "मॅडम, तुम्ही नको ना. तुम्ही इथल्या नाही."

खरं आहे. मी तिथली नाही. ऑफिसचीही नाही आता. मूठ मी पुन्हा डब्यात सोडली.

"मग मी काय लिहू?" गार्गीनं विचारलं. "आहे की नाही?"

मी चपला घातल्या आणि छबूच्या मागं निघाले. कचेरीच्या दारात ती पोरांची रांग लावत होती, एकेकाचं नाक पुसत होती, डंपरवाल्याला हात दाखवून थांबवत होती. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल?

"आलं का ताई नकाशात?"

गुड्डू तिच्या खांद्यावर मान टाकून पेंगुळला होता आणि त्याच्या चड्डीची मागची बाजू माझ्यासमोर होती. पांढरी, मधे विटकरी, एका बाजूला आढ्याची ओळसुद्धा ओळखू येत होती. अख्खं पाळणाघर त्या पोराच्या बुडाला लागलं होतं. छबूनं झटकायला हात उचलला. मी तिचा हात धरला.

"आलं होतं," मी म्हटलं.

छबूनं मान हलवली, आणि रांगेतल्या शेवटच्या पोराचं बोट माझ्या हातात दिलं.